एसीच्या जुन्या पंपातून जीपमध्येच हवेचा कॉम्प्रेसर

पौडच्या पुढे माझ्या आत्याचं शेत आहे. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर रस्ता असा नसतोच, भातखाचरांच्या कडेने जाणारा चिखलाचा पट्टा असतो. टायरमधली हवा तीस पीएसआयवरून पंधरावर आणली की माझी महिंद्राची एमएम ५४० जीप तिथून निमूट वर चढते, कारण टायर पसरतो आणि चिखलावरची पकड वाढते. अडचण परतताना येते. पंधरा पीएसआयवर डांबरी रस्त्याने पुण्यापर्यंत यायचं म्हणजे टायरच्या बाजू तापवून फाडून घ्यायच्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप माझ्याकडे होता. एका टायरला सात-आठ मिनिटं घ्यायचा आणि दोन टायर झाले की इतका तापायचा की हात लावता येत नसे. चार टायर भरेपर्यंत अंधार पडायचा.

मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात न्यूमॅटिक लाइनच्या, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या, मेंटेनन्सला आहे. दिवसभर कॉम्प्रेसर, वॉल्व्ह आणि गळती यांच्यातच असतो. त्यामुळे इंजिनच्या पट्ट्यावर एसीचा जुना पंप बसवून त्यातून हवा काढायची, हे मला सोपं वाटलं होतं. पहिला पंप तिसऱ्याच फेरीत ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी जाम झाला. दुसरा चार पावसाळे झाले तरी चालतोय. पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय बदललं, ते इथे लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एसीचा पंप दाबाला डरत नाही. उन्हाळ्यात एसीच्या हाय साइडला, म्हणजे पंपातून गॅस दाबून निघतो त्या बाजूला, दोनशे पीएसआयच्या वर दाब असतो आणि आपल्याला हवेत लागतो शंभर-एकशे दहा. पण एसीमध्ये पंपाला दोन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली तेल. गॅसमध्ये मिसळून तेल सगळ्या सिस्टीमभर फिरतं आणि परत पंपात येतं. दुसरी गारवा. परत येणारा गॅस थंड असतो, आणि एसीतला हा गॅस, आर-१३४ए, दाबला तरी हवेइतका तापत नाही. हवा मात्र दाबली की भयंकर तापते. तीस अंशांची हवा एकशे दहा पीएसआयपर्यंत दाबली तर कागदावरच्या हिशेबाने तिचं तापमान अडीचशे अंशांच्या पुढे जातं. पंपाचं अंग बरीच उष्णता बाहेर टाकतं म्हणून प्रत्यक्षात ती एवढी तापत नाही, पण रबरी होज वितळवायला जेवढी तापते तेवढी पुरते. आणि तेल? एकदा हवेबरोबर बाहेर गेलं की परत येत नाही. माझा पहिला पंप कोरडा पडून गेला. उघडला तेव्हा आतल्या प्लेटवर निळा रंग चढला होता आणि तळाशी ॲल्युमिनियमची चंदेरी पूड होती.

पंप कोणता घ्यायचा

सँडेन कंपनीचा पाचशेआठ, किंवा त्याच घराण्यातला. पाच सिलिंडर, एका फेऱ्याला १३८ सीसी. बाहेरून बसवलेल्या एसी किटमध्ये, ट्रॅक्टरच्या आणि पोकलेनच्या केबिनमध्ये तो सगळीकडे दिसतो, म्हणून सुटे भाग मिळतात. त्याला स्वतःचा क्लच आहे, म्हणजे वीज दिली की पंप पुलीला जोडला जातो, आणि अंगावर तेल भरायचा बोल्ट आहे. हा बोल्ट फार महत्त्वाचा. सात सिलिंडरचाही चालेल. यॉर्कचा जुना उभा पिस्टन पंप मिळाला तर तो सगळ्यात उत्तम, कारण त्याचं तेल त्याच्याच तळाशी राहतं. पण तो मिळणं अवघड, आणि बॉनेटखाली जागाही जास्त खातो. नव्या गाड्यांमधले व्हेरिएबल पंप घेऊ नका. त्यांची क्षमता गॅसच्या दाबावर कमी-जास्त होते आणि काहींना क्लचच नसतो.

मी नाना पेठेतल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांतून दोन दिवस फिरलो. जुन्या बाजारातही बुधवारी आणि रविवारी पंप दिसतात, फक्त तिथे तपासून घ्यायला वेळ काढा. सोबत मल्टिमीटर न्या. क्लचच्या वायरचा रोध मोजा. तीन-चार ओहम दाखवला तर कॉइल १२ व्होल्टची. बारा-पंधरा ओहम आला तर ती २४ व्होल्टची, म्हणजे पंप बसचा किंवा मोठ्या मशिनचा आहे. तो जीपवर क्लच नीट धरणार नाही. मग पुढचा हब हाताने फिरवा. फिरताना हलका विरोध जाणवला पाहिजे, पण खरखर नको. 'डी' अक्षर कोरलेल्या, म्हणजे हवा बाहेर जाणाऱ्या तोंडावर अंगठा दाबून हब फिरवा, अंगठ्याला हवा ढकलताना कळली पाहिजे. तेलाचा बोल्ट काढून काडी बुडवा. तेल स्वच्छ असेल तर घ्या, काळं असेल तर विचार करा, त्यात चंदेरी चमक असेल तर पंप तिथेच ठेवून या.

चालू गाडीतून पंप काढत असाल तर एसीवाल्याकडून गॅस मशिनने काढून घ्या. हवेत सोडू नका. आर-१३४ए एक किलो सोडला तर वातावरण तापवायला तो हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो. तो जोराने बाहेर आला की हाताला आणि डोळ्याला हिमदाहही होतो. आणि ज्या गाडीचा एसी तुम्ही वापरता, तिचा पंप हवेसाठी फिरवू नका. दुसरा पंप लावायला जागा नसेल तर हा उद्योग त्या गाडीवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रॅकेट आणि पट्टा

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून मी तो इंजिनवर तीन वेळा लावून पाहिला आणि मगच लोखंडाला हात लावला. ब्रॅकेट दहा एमएमच्या प्लेटचं आहे आणि इंजिनच्याच रिकाम्या भोकांवर बोल्टने बसवलं आहे. चासीवर बसवलं असतं तर इंजिन हललं की पट्टा ओढला गेला असता. शिवाय चासीला वेल्डिंग करायचं नाही हा माझा नियम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि विम्याच्या वेळी असे जोड अडचणीचे ठरू शकतात. जे लावाल ते पान्याने काढता येईल असं लावा.

पुलींची रेघ जुळवण्यात कंटाळा करू नका. सरळ ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडावर टेकवली तर ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. एक एमएम फरक राहिला तर ब्रॅकेटखाली वायसर घालून काढा. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण दहा-बारा एमएम दबावा. माझ्या क्रँक पुलीला मोकळी खाच नव्हती, म्हणून लेथवर जादा पुली करून घेतली. क्लचची पुढची फट ०.४ ते ०.८ एमएम असावी. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघा. ती वाढलेली असेल तर पंप बाहेरून फिरताना दिसतो, पण गरम झाल्यावर क्लच सुटतो.

धाग्यांची भानगड

इथे लोकांचे पंप बाद होतात आणि क्वचित जखमाही होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. माझ्या पाचशेआठच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाचा धागा यूएनएफचा, म्हणजे अमेरिकी मापाचा आहे: पाऊण इंच, एका इंचात १६ आटे. आपल्याकडे बाजारात मिळणारं सगळं फिटिंग बीएसपीचं, म्हणजे ब्रिटिश पाइपच्या धाग्याचं. चार सुती, म्हणजे अर्धा इंची, बीएसपीचा नट या तोंडावर चढतो. ढिला चढतो, पण टेफ्लॉन टेप गुंडाळला की घट्ट झाल्यासारखा वाटतो. मी तो तसा चढवून भोसरीतल्या आमच्या नेहमीच्या टर्नरमिस्त्रींना दाखवायला नेला. त्यांनी नट दोन आटे उलटा फिरवला, धाग्यात नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हा आपला धागा नाही. इंचात चौदा आटे याचे, सोळा त्याचे. पकडला कुठेच नाहीये, टेपनं धरलाय. दाब आला की गोळीसारखा सुटंल."

ते खरं होतं. नट उघडा करून उजेडात धरला तर पंपाच्या धाग्याच्या फक्त टोकांना घासल्याच्या खुणा होत्या. त्यांनी पितळेच्या बारमधून अडॅप्टर काढून दिला: एका बाजूला यूएनएफ आणि आत ओरिंगसाठी बसकण, दुसऱ्या बाजूला चार सुती बीएसपी. ओरिंग उष्णता सहन करणारी व्हायटनची घेतली. काही पंपांना वेगळं डोकं असतं, धागाही वेगळा असतो. म्हणून मोजमाप घेऊन जाऊ नका, पंपच काखेत मारून टर्नरकडे जा. आणि पंप विकत घेताना त्याच्या जुन्या पाइपांची नटासह टोकं मागून घ्या. दुकानदार फेकूनच देणार असतो, टर्नरला मात्र ती नमुना म्हणून सोन्यासारखी असतात.

गरम हवेचा रस्ता

पंपातून निघालेली हवा आधी तांब्याच्या नळीतून नेली. चार सुती नळी, सुमारे दोन मीटर, तीन वेटोळी करून रेडिएटरच्या कडेला पंख्याच्या वाऱ्यात. पंप इंजिनबरोबर थरथरतो, म्हणून पंप आणि तांब्याच्या मध्ये फूटभर टेफ्लॉनची, बाहेरून स्टीलची जाळी असलेली होज आहे. पहिल्या वेळी मला दुकानात "चालतंय की" म्हणून साधी काळी एअर होज दिली होती. ती दहा मिनिटांत फुगली आणि क्लिपपाशी मऊ पडली. नळी थंड झाली की आतली बाफ पाणी होते, म्हणून वेटोळ्यांनंतर पाणी-तेल वेगळं करणारा फिल्टर, मग हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह, मग टाकी.

नॉन-रिटर्न वॉल्व्ह लागतोच. पंपाच्या आतल्या रीड, म्हणजे वॉल्व्हच्या पातळ पट्ट्या, अशा कामासाठी केलेल्या नाहीत. बंद पंपातून टाकीतली हवा तासाभरात मागे निघून जाते. आणि पंप ते नॉन-रिटर्न या टप्प्यातही एक छोटा सेफ्टी वॉल्व्ह ठेवा. फिल्टर तुंबला किंवा वॉल्व्ह अडकला तर टाकीवरच्या सेफ्टीला त्याचा पत्ता लागत नाही.

टाकी ट्रकच्या एअर ब्रेकची, २० लिटरची, नवी घेतली. जुनी मिळत होती, स्वस्तही होती. पण आतला गंज बाहेरून दिसत नाही. वीस लिटरची टाकी एकशे दहा पीएसआयला भरली की तिच्यात जीप जवळपास दीड मीटर वर उचलण्याएवढी ताकद साठते. ती ताकद तुमच्या पाठीमागच्या सीटखाली असणार आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर, आग विझवायचा जुना सिलिंडर, फ्रीजच्या कॉम्प्रेसरचं भांडं यातलं काही टाकी म्हणून वापरू नका. टाकीला वेल्डिंग करू नका. नवी असली तरी हायड्रो टेस्ट करून घ्या: टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडा आत ठेवायचा नाही, आणि हातपंपाने २२५ पीएसआयपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवायची. पाणी हवेसारखं दबत नाही. त्यामुळे फाटलीच तर पाणी गळतं, तुकडे उडत नाहीत. हवेने टेस्ट कधीच करू नका.

टाकीवर १५० पीएसआयचा सेफ्टी वॉल्व्ह आहे, त्याच्या आधी कुठलाही कॉक नाही. गेज आहे. सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी काढायचा कॉक आहे. टायरच्या लाइनवर रेग्युलेटर लावलाय.

तेल

पंपात आधीचं पॅग तेल, म्हणजे एसीचं सिंथेटिक तेल, असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून काढून टाका. बोल्ट काढून पंप उलटा करा, हब फिरवत फिरवत सगळं निथळू द्या, नवं तेल थोडं घालून खळखळून परत काढा. मग पिस्टन कॉम्प्रेसरचं मिनरल तेल, १०० ग्रेडचं, मोजून १२० मिली घाला. स्वयंपाकघरातलं औषधाचं माप चालतं. जास्त घातलं तर पंप ते बाहेर थुंकतो. बोल्ट वरच्या बाजूला येईल असाच पंप बसवा.

एवढ्यावर भागत नाही, कारण हवा थोडं थोडं तेल नेतेच. म्हणून हवा आत येणाऱ्या वाटेवर मी न्यूमॅटिक लाइनचा साधा ल्युब्रिकेटर, म्हणजे हवेत थेंबथेंब तेल सोडणारी बाटली, लावलाय. काचेतून थेंब दिसतो. मिनिटाला दोन-तीन थेंब पुरतात. जास्त सोडाल तर गरम तोंडावर तेलाचा कोळसा होतो, आणि तेलाची वाफ व तापलेली हवा एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण. माझा नियम: सलग दहा मिनिटांच्या वर पंप चालवत नाही.

हवा कुठून ओढायची? पेट्रोलचा छोटा फिल्टर लावणारे खूप आहेत. तो पंपाचा गळा आवळतो. मी इंजिनच्या एअर फिल्टरच्या नंतरच्या, स्वच्छ बाजूने नळी घेतली. ओढ्यातून जाताना पंपात पाणी शिरण्याची भीती गेली आणि एक फिल्टर सांभाळायचं वाचलं. टर्बो असेल तर टर्बोच्या आधीच जोड घ्या. या हवेत तेल असतं, ती श्वासासाठी कुठल्याच कारणाने वापरू नका.

वायरिंग

बॅटरीपासून १० अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन, तिथून ८७ नंबरच्या पिनवरून क्लच. रिलेच्या कॉइलला वीज इग्निशननंतरची द्या आणि तिच्याच रस्त्यात डॅशबोर्डवरचा स्विच आणि टाकीवरचा प्रेशर स्विच घ्या. माझा ११० ला तोडतो, ८५ ला जोडतो. क्लच बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते, त्याने रिलेचे पॉइंट जळतात. तापकीर गल्लीतून एक १एन४००७ डायोड आणा आणि क्लचच्या कॉइलला आडवा लावा, पट्टीची बाजू प्लसला. स्विचबरोबर लाल दिवा लावा. पंप चालू आहे हे विसरून घाट उतरणं सोपं असतं.

पहिल्यांदा चालवताना

बाह्या वर करा, गळ्यातलं काढून ठेवा, पंख्यापासून लांब राहा. इंजिन आयडलला, टाकीचा कॉक उघडा, पाच मिनिटं मोकळी हवा जाऊ द्या आणि नुसतं ऐका. मग कॉक बंद करून ५० पीएसआयवर थांबवा. भांड्याच्या साबणाचं दाट पाणी आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन एकेक जोड रंगवा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो. खरी गळती बारीक पांढऱ्या फेसाची असते, ती मिनिटभर बघत राहिल्यावर जोडाच्या कडेला हळूहळू उगवते. दाब असताना पाना लावू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, मग घट्ट करा. शेवटी दाब वाढवत नेऊन प्रेशर स्विच तोडतो का ते बघा आणि सेफ्टी वॉल्व्हची रिंग ओढून तो उडतो का तेही.

माझ्याकडे हँड थ्रॉटलवर दीड हजार आरपीएमला रिकामी टाकी एक मिनिट वीस सेकंदांत भरते. २३५/७५ आर १५ चा टायर पंधरावरून तीसवर यायला मिनिट, फार तर सव्वा मिनिट. पाच-सहा मिनिटांत चारही टायर होतात. आत्याच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर गवताच्या भुशाने भरला की आता मलाच फोन येतो. हवेची बंदूक मात्र कुणाच्या अंगावर धरू देत नाही, पोरांच्या तर नाहीच. कातडीतून हवा आत शिरू शकते.

दर तीन फेऱ्यांनी गार पंपाचा बोल्ट काढून काडीने तेल बघतो, दरवर्षी पावसाळ्याआधी ते बदलतो. आणि घरी आल्यावर, गाडी लावायच्या आधी, टाकीखालचा कॉक उघडतो. जुलैत मुळशीहून आलं की अर्धा कप तरी पाणी निघतं, तेल मिसळून दुधासारखं झालेलं. ते डबीत धरतो, गटारात सोडत नाही. पाणी संपून नुसती हवा फुसफुसायला लागली की कॉक तसाच उघडा ठेवून देतो, म्हणजे आठवडाभर टाकी आतून कोरडी राहते.